कॅलिपर जाम झालाय, पण नेमका कुठे? किनारपट्टीवरच्या गाडीचा ब्रेक तपासून मोकळा करण्याची पद्धत

गावच्या घरी मांगरात किंवा माडाखाली दोन-तीन महिने उभी असलेली गाडी गणपतीला बाहेर काढली की पहिल्या काही किलोमीटरांतच तिचं दुखणं कळतं. गाडी जड चालते. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की लगेच थांबायला बघते. बाजारात उभी करून उतरलं की एका चाकाकडून करपट वास येतो. गॅरेजात नेली की बहुतेक वेळा एकच निदान ऐकायला मिळतं: कॅलिपर जाम झालाय, नवीन टाकावा लागेल.

चाकासोबत फिरणारी लोखंडी तबकडी म्हणजे डिस्क, तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा धरतो तो कॅलिपर, आणि त्याच्या आत डिस्कला घासतात ते पॅड. कधी कधी गॅरेजचं निदान खरंही असतं. पण किनाऱ्यावरच्या गाड्यांत पुष्कळदा कॅलिपर स्वतः शाबूत असतो. अडकलेल्या असतात त्याच्या दोन पिना, नाहीतर गंजाने धरलेले असतात पॅडचे कान, म्हणजे खाचेत बसणारी त्यांची टोकं. हे काम एका सकाळचं आणि ग्रीसच्या एका ट्यूबचं. म्हणून पार्ट मागवण्याआधी ब्रेक नेमका कुठे अडकलाय ते शोधा. खालचा क्रमही त्याच हिशोबाने लावला आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. चाक काढणं, पॅड बदलणं हे ज्याने केलंय त्याला पिना आणि पॅडचं काम घरी जमेल. पिस्टन काढणं, पाइप बदलणं आणि ब्रेक ऑइलमध्ये शिरलेली हवा काढणं हे पहिल्यांदा करताना जाणकार मेस्त्री शेजारी असलाच पाहिजे. खाली घाट आहेत, आणि घाटात ब्रेकला दुसरी संधी नसते.

आत काय चालतं

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. पुढचा कॅलिपर सरकता असतो. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलचा दाब पिस्टनला ढकलतो, पिस्टन आतल्या पॅडला डिस्कवर दाबतो, आणि त्याच जोराने कॅलिपरचं अख्खं धूड दोन पिनांवरून आतल्या बाजूला सरकून बाहेरच्या पॅडला डिस्कवर ओढतं.

पेडल सोडल्यावर पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंग इथे नसते. पिस्टनभोवती चौकोनी छेदाची एक रबरी रिंग असते. दाबाने ती किंचित पिळते, दाब गेला की सरळ होते आणि पिस्टनला केसभर मागे घेते. अख्खा ब्रेक सुटतो तो या केसभर अंतराने. त्यामुळे पिनेवर गंजाचा पातळ थर चढला किंवा पॅडच्या कानाखाली थोडी पूड साचली, तरी पॅड डिस्कला घासत राहतो.

कोकणात हे लवकर होतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, हवेत मीठ असतं आणि रस्त्यावर जांभ्याचा तांबडा चिखल. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळच्या फेरीबोटीवर गाडी चढवताना-उतरवताना चाकांना खारं पाणी लागतं. पर्यटक तर हौसेने गाडी थेट पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत घालतात. पिनेवरचं रबरी बूट जरा फाटलं की हे पाणी आत जातं, ग्रीस धुऊन काढतं आणि गंज सुरू होतो. गाडी रोज पळत असेल तर पिना हलत राहतात. उभ्या गाडीत त्या जागच्या जागी धरतात.

रस्त्यावरची परीक्षा

आधी चारही टायरची हवा सारखी करा. एका बाजूला हवा कमी असली तरी गाडी ओढते, आणि माणूस उगाच ब्रेक खोलत बसतो.

मग सपाट, मोकळ्या रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटं चालवा, ब्रेक शक्यतो कमी वापरा. या परीक्षेसाठी घाट उतरू नका. ब्रेक न दाबताच गाडी डावीकडे ओढत असेल, तर डावीकडचा ब्रेक धरून बसलाय. ब्रेक दाबल्यावरच ती उजवीकडे जात असेल, तर बहुधा उजवा ब्रेक ठीक आहे आणि डावा लागतच नाहीये. या दुसऱ्या प्रकारात लोक हमखास चुकीचं चाक खोलतात.

थांबल्यावर डिस्कला हात लावू नका, भाजेल. तळवा रिमपासून चार बोटं लांब धरा आणि डाव्या-उजव्या चाकाची धग ताडून बघा. लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन मिळाली तर उत्तम. तिचा आकडा किती यापेक्षा एकाच ॲक्सलच्या दोन चाकांत फरक किती, ते महत्त्वाचं. तापलेल्या डिस्कवर पाणी मारून बघायची सवय काहींना असते. ती सोडा, त्याने डिस्कला तडा जाऊ शकतो किंवा ती वाकडी होते.

दोन्ही पुढची चाकं एकदम तापत असतील, किंवा एक पुढचं आणि त्याच्या तिरकस समोरचं मागचं, तर एकट्या कॅलिपरवर संशय घेऊ नका. तिथे मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइलला दाब देणारा भाग) आणि बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) यांच्याकडे बघावं लागतं.

आणखी एक. पावसात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस गंज दिसतो, पहिल्या दोन-चार ब्रेकना खरखर येते आणि जाते. हा दोष नाही.

गाडी उचलताना

गाडी पूर्ण गार होऊ द्या. चाकाचे नट जमिनीवरच अर्धा फेरा सैल करा. जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी लावा. पावसाळ्यात खळ्यातली तांबडी माती मऊ होते, तेव्हा जॅकखाली जाड फळी घाला.

आणि गाडीखाली जांभ्याचा चिरा कधीही लावू नका. आपल्याकडे तो सगळीकडे हाताशी असतो, दिसतो भक्कम, भिंतीत शतकभर टिकतोही. पण भिंतीत त्याच्यावर भार सगळीकडून सारखा येतो. गाडीचं वजन एका टोकावर आलं की चिरा आवाज न करता फुटतो. लोखंडी स्टँडच हवेत, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालायचा नाही.

गाडी न्यूट्रलला टाकून चाक हाताने फिरवा. पॅडची हलकी, एकसारखी सळसळ चालते. दोन्ही हातांनी जोर लावावा लागत असेल तर ब्रेक धरलाय. कोणाला तरी पेडल दोनदा दाबून सोडायला सांगा आणि लगेच पुन्हा फिरवा. पुष्कळ कॅलिपर नुसते उचलल्यावर सुटल्यासारखे वाटतात आणि पेडल दाबल्यावरच पुन्हा धरतात.

निपलची परीक्षा: दाब अडकलाय की लोखंड?

निदानाचा गाभा इथे आहे. चाक धरलेल्या अवस्थेत कॅलिपरवरच्या निपलला (ऑइल आणि हवा बाहेर काढायच्या छोट्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक बाटलीत सोडा आणि निपल अर्धा फेरा सैल करा. रिंग पानाच वापरा. तोंडाच्या पान्याने गंजलेल्या निपलची डोकी गोल होतात. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवला असेल तर निपल तुटायची भीती बरीच कमी होते. जोर लावून हलत नसेल तर थांबा. तुटलेलं निपल काढणं हे मोठं काम आहे.

निपल सुटताच ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं, तर कॅलिपरमध्ये दाब कोंडला होता. पिना, पॅड, पिस्टन यांचा त्यात दोष नाही. निपल बंद करून पेडल पुन्हा दाबा. चाक धरलं की रबरी पाइप जिथे लोखंडी पाइपला जोडतो तो सांधा किंचित सैल करा. चाक सुटलं तर दोष वर, मास्टर सिलिंडरकडे. नाही सुटलं, आणि निपलनेच सुटतं, तर रबरी पाइप आतून गेलाय. त्याचं आतलं रबर सुटून झडपेसारखं वागतं. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, पण परत यायला जोर नसतो. बाहेरून असा पाइप नवा दिसू शकतो, म्हणूनच दोन-दोन कॅलिपर बदलूनही दुखणं न गेलेल्या गाड्या सापडतात.

निपल उघडूनही चाक जागचं हललं नाही, तर लोखंडच अडकलंय. पुढे चला.

पिना

कॅलिपरचे मागचे दोन बोल्ट काढा. पिन सोबत फिरत असेल तर तिला पातळ पान्याने धरा. सुटलेला कॅलिपर रबरी पाइपवर लोंबकळू देऊ नका, तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधून ठेवा.

आता एकेक पिन बोटांनी आत-बाहेर करून बघा. चांगली पिन दोन बोटांनी सरकते, आणि सोडल्यावर बुटातल्या हवेने जराशी परत येते. वाईट पिन आधी दाद देत नाही. मग पिळत-पिळत खेचली की 'चट्' करून सुटते आणि अर्ध्यावर पुन्हा अडते. बाहेर आल्यावर तिच्यावर ग्रीसऐवजी काकवीसारखा चिकट तपकिरी लेप दिसतो. तो पुसला की नेमकी बुटाच्या तोंडाशी एक काळी-तांबडी कडी दिसते. पाणी तिथूनच आत गेलं. ते बूट बदलल्याशिवाय पिन साफ करण्यात अर्थ नाही, पुढच्या पावसाळ्यात तीच पिन पुन्हा धरेल.

काढतानाच वरची कुठली आणि खालची कुठली त्यावर खूण करा. बऱ्याच गाड्यांत एका पिनेच्या टोकाला रबरी बुश असतं, आणि ती दुसऱ्या भोकात घातली की कॅलिपर पुन्हा अडतो. पिन पुसा, हलका गंज बारीक पॉलिश पेपरने काढा. खड्डे पडले असतील तर नवी घ्या. भोक ब्रेक क्लीनर आणि चिंधीने आतपर्यंत साफ करा.

ग्रीस मात्र साधं नको. बेअरिंगचं पिवळं-लाल ग्रीस आणि इंजिन ऑइल खनिज तेलाचं असतं. ब्रेकमधलं रबर त्याने फुगतं आणि पिन आतच कोंडते. 'ब्रेकसाठी' असं लिहिलेलं सिलिकॉन किंवा सिंथेटिक ग्रीसच घ्या. पातळ थर पुरे. भोक ग्रीसने भरलं तर पिन पूर्ण आत जात नाही. पिन बसवल्यावर बुटाची कडा बोटाने जरा उचलून आतली हवा जाऊ द्या आणि कडा खाचेत नीट बसली का बघा.

पॅड आणि त्यांचे कान

जुने पॅड शेजारी ठेवा. बाहेरचा जास्त झिजला असेल तर पिनांवर संशय. आतला जास्त झिजला असेल तर पिस्टनवर, पण पिना अडकल्यानेही तसं होतं. एकच पॅड तिरका झिजलाय, म्हणजे दोनपैकी एक पिन धरलीय. हा नुसता इशारा समजा. निकाल हाताने हलवून बघूनच लावा.

ब्रॅकेटमध्ये पॅडचे कान ज्या खाचांत बसतात, तिथे स्टीलच्या पातळ पट्ट्या असतात. त्या काढा. इथल्या गाड्यांत पट्टी चकचकीत असते आणि तिच्याखालचं लोखंड फुगलेलं असतं. तो गंज पट्टीला आतून ढकलतो, खाच अरुंद होते आणि पॅड पाचरीसारखा अडकतो. अनेकजण पट्टी पुसतात आणि खालचा गंज तसाच ठेवतात. तारेच्या ब्रशने आणि चपट्या कानशीने तो पुरता खरवडा, पण मूळ लोखंड कापू नका. नव्या पट्ट्या घाला. पॅड अंगठ्याच्या हलक्या दाबाने सरकला पाहिजे. हातोडीने ठोकून बसणारा पॅड पहिल्याच प्रवासात पुन्हा धरेल. पॅडच्या डिस्ककडच्या तोंडाला आणि डिस्कला ग्रीसचं बोट लागता कामा नये.

इथली धूळ हवेच्या पाइपने उडवू नका, ती छातीत जाते. ब्रेक क्लीनरने भिजवून पुसा.

पिस्टन

पिना सरकल्या, पॅड सुटे झाले, तरी चाक धरतं? मग पिस्टन. निपलला नळी लावून उघडा, जुना पॅड पिस्टनवर ठेवा आणि सी-क्लॅम्पने हळूहळू दाबा. एकसारखा आत गेला तर ठीक. अडखळत किंवा तिरका गेला, किंवा गेलाच नाही, तर तो बाहेर काढावा लागेल. ब्रेक ऑइल रंग खातं. बॉडीवर थेंब पडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

मागच्या चाकांना डिस्क असेल आणि हँडब्रेक त्याच कॅलिपरमध्ये असेल, तर हा क्लॅम्प लावू नका. तो पिस्टन बहुधा फिरवत-फिरवत आत घालावा लागतो. बटनाचा हँडब्रेक असेल तर आधी स्कॅनरने (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्राने) सर्व्हिस मोडला टाकावं लागतं.

पिस्टन काढायला गाडीचाच दाब वापरावा. पाइप न सोडता कॅलिपरच्या जबड्यात लाकडाची फळी धरा आणि सोबत्याला पेडल अगदी हळू दाबायला सांगा. कॉम्प्रेसरची हवा लावली तर पिस्टन गोळीसारखा सुटतो. तिथे बोटं असतील तर ती जातात.

बाहेर आलेल्या पिस्टनची रिंग जिथे घासते तो भाग नखाने तपासा. नख अडलं, क्रोमचा पापुद्रा उडालेला दिसला, की तो पिस्टन पुन्हा घालू नका. पॉलिश पेपरने घासून वेळ मारून नेली तर ऑइल तिथूनच गळेल. सिलिंडरच्या आत खड्डे असतील तर अख्खा कॅलिपर नवा. दोन्ही चांगले असतील तर रबर किट टाका. जुनी रिंग लाकडी काडीने काढा, खाचेतला गंज साफ करा, नवी रिंग ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बसवा आणि पिस्टन हातानेच सरळ ढकला. हाताने जात नसेल तर काहीतरी तिरकं बसलंय.

रबरी पाइप खराब निघाला तर दोन्ही बाजूंचे बदला, ते एकाच वयाचे असतात. बोल्टच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर दर वेळी नवे घाला.

जोडणी, ऑइल आणि हवा

बोल्टचा ताण गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, तोच ताण मोजणाऱ्या टॉर्क पान्याने द्या. डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते, ती मोजा. ब्रेक धरलेला असतानाच गाडी बरेच दिवस चालली असेल तर डिस्कवर निळे डाग किंवा बारीक तडे दिसतात, मग डिस्क दोन्ही बाजूंची बदला. चाकाचा बेअरिंगही फिरवून ऐका, त्याच्या ग्रीसने तीच उष्णता सोसलेली असते.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ (ही ब्रेक ऑइलची प्रत, बाटलीवर लिहिलेली असते) ऑइलचा उत्कलनबिंदू नवेपणी किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. एकीकडे धरलेला ब्रेक, दुसरीकडे जुनं ऑइल, आणि आंबोली किंवा फोंडा घाटाची उतरण. ऑइल उकळून वाफ झाली की पेडल थेट खाली जातं. म्हणून दर दोन वर्षांनी सगळं ऑइल बदला. आधी उघडून ठेवलेली बाटली वापरू नका. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळायचं नाही.

एकाच चाकाचं काम केलं असेल तर बहुधा त्याच चाकाची हवा काढून भागतं. सगळी काढायची तर क्रम मॅन्युअलमध्ये बघा. पेडल दाबून धरा, निपल उघडा, बंद करा, मग पेडल सोडा. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. टाकीतलं ऑइल खालच्या खुणेखाली जाऊ देऊ नका, नाहीतर एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरते आणि ती काढायला स्कॅनर लागतो.

गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा. पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिल्या दोन-तीन दाबांना ब्रेक लागतच नाही. ही पायरी विसरून गाडी खळ्याच्या कठड्याला लावलेली माणसं आहेत. मग आवारातच सावकाश थांबवून बघा. नंतर मोकळ्या रस्त्यावर ५० च्या वेगावरून १० पर्यंत आठ-दहा वेळा बेताने ब्रेक लावा, पूर्ण न थांबता, मधे गार व्हायला वेळ देत. परत येऊन दोन्ही चाकांची धग पुन्हा ताडा आणि निपलभोवती ओल नाही ना ते पुसून बघा. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा बघूनच घाटाची वाट धरा.

पुन्हा धरू नये म्हणून

आगोटीच्या कामांत, घर शाकारतो तेव्हाच, मे महिन्यात पिना एकदा काढून साफ करून ग्रीस लावा. पावसाआधी केलेलं हे काम पावसानंतरच्या चार कामांच्या तोडीचं आहे. फेरीबोटीवरून किंवा किनाऱ्यावरून आलं की त्याच दिवशी चाकांच्या आत गोड्या पाण्याचा जोराचा फवारा मारा, आणि धुऊन लगेच उभी न करता दोन-तीन किलोमीटर फिरवून ब्रेक वाळवा. ओल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढून ठेवला तर मागच्या ड्रमचे लायनर चिकटतात. मग गाडी निघताना धाडकन आवाज येतो किंवा चाक फिरतच नाही.

मुंबईला परत जाताना गाडी गावी ठेवायची असेल तर सपाट जागा निवडा, पहिल्या गिअरला टाका, दोन्ही बाजूंनी पाचरी लावा आणि हँडब्रेक सोडून ठेवा. किल्ली ज्याच्याकडे राहील त्याला सांगा की नुसती स्टार्ट करून बंद करू नये, त्याने ब्रेक हलत नाही. आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटं रस्त्यावर काढावी आणि चार-पाच वेळा व्यवस्थित ब्रेक लावावा. हँडब्रेक सोडलेला आहे हे कागदावर लिहून स्टिअरिंगला अडकवा, म्हणजे पाचरी काढणारा आधी पेडलवर पाय ठेवेल.